एकवीस अँप्युल

कपाशी कमरेएवढी झाली, की यवतमाळकडच्या आयसीयूत फवारणीच्या विषबाधेचे पेशंट यायला लागतात. 2017 चा पावसाळा तर इकडे कोणीच विसरलं नाही. पंप, कपाशी, फवारणारे उघडे हात हे सगळं तुम्ही बातम्यांत पाहिलंय, म्हणून आपण कॅमेरा घेऊन सरळ आत जाऊ, ह्या सिस्टरच्या हातांकडे पाहू.

अ‍ॅट्रोपिन. ह्या विषावरचा उतारा. एका अँप्युलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत, 0.6 मिलिग्रॅम. आधी तीन फोडायच्या, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर आहेच, तर दुप्पट म्हणजे सहा, परत पाच मिनिटं, परत घरघर, आता बारा. दहा मिनिटांत एकवीस, आणि हे एकाच बेडचं झालं. कमी पडलं तर छाती भरते, जास्त झालं तर ताप, बडबड, लघवी अडकते. अंगठा पाहा, चिकटपट्टीवर चिकटपट्टी. रिकाम्या अँप्युल ती फेकत नाही, किडनी ट्रेमध्ये ओळीने लावून ठेवते, शीटवर लिहायला हात मोकळा होईपर्यंत हिशोब तिथंच.

आणि इथं मागून आवाज येतो, "सिस्टर, बाबाले पानी पाजू काय वो?" ती वळून नाही म्हणते, परत ट्रेकडे पाहते, पहिल्यापासून मोजते. हा शॉट आम्ही कापला नाही. तिकडे वाजतोय तो मॉनिटरही तिचाच. नर्सिंग कौन्सिलच्या निकषात आयसीयूत एका बेडला एक सिस्टर आहे, आज नाइटला हिच्याकडे चार.

ट्रॉलीचा खालचा कप्पा. दोन कुप्या, दोन्ही 10 मिलीच्या, दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्हीत पाण्यासारखंच. एक इंजेक्शन पातळ करायचं पाणी, दुसरं पोटॅशियम क्लोराईड, जे तसंच शिरेत ढकललं तर हृदय बंद. हे वॉर्डात उघडं ठेवूच नका, असं जागतिक आरोग्य संघटना कधीची सांगतेय. इथं सिस्टर लोकांनी आपल्या पैशाने लाल टेप आणून लावलीय, तरी ती मोबाईलचा टॉर्च मारून नाव वाचतेच.

मागच्या महिन्यात एक डोस दोनदा गेला. पेशंट वाचला, मेमो सिस्टरला मिळाला, ड्युटी चार्ट तोच.

सकाळचे आठ. हँडओव्हर झाला, शीटवर सही झाली. एसटीत खिडकीशी बसून ती सेफ्टी पिनने अंगठ्यातली काच काढतेय, कंडक्टर तिकिटाला येईपर्यंत.