कुत्रं पळून आलं, आता भाकरी टाकायची कधी?

राम राम मंडळी. आधी हिच्याकडं बघा, माझ्याकडं नंतर बघितलं तरी चालेल. ही राणी. कारवानी, म्हणजे सडपातळ, पळणारी जात, चार वर्षांची, वजन २४ किलो. आत्ता सकाळचे सव्वाआठ वाजलेत. पहाटे मेंढरांबरोबर माळावर गेली होती. तिथं दोन मोकाट कुत्री कोकराच्या मागं लागली, तर हिनं त्यांना पार ओढ्यापलीकडं पिटाळलं. आली ती अशी, जीभ बाहेर टाकून.

आता आपल्याकडं काय होतं? मालक खूश होतो. ‘शाब्बास गं माझी वाघीण’ म्हणतो आणि तिथल्या तिथं चार भाकऱ्या ताकात कुस्करून पुढ्यात ठेवतो. मीही हेच करायचो. आज राणीचं ताट तिकडं ओट्यावर झाकून ठेवलंय. तिला वास येतोय, नजर तिकडंच आहे. पण ते ताट खाली कधी येणार, ते ती ठरवणार नाही आणि मीही नाही. तिची धाप ठरवणार.

जवळ ये रे, कॅमेरा जिभेवर घे. दिसतंय? टोकाला जीभ पळीसारखी पसरट झालीय, कडा वर वळल्यात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजाच्या गादीला थोडासा. अंगातली उष्णता काढायची ती जास्त करून जिभेवरून, धापा टाकून. जीभ जेवढी रुंद, तेवढं आत तापलंय समजायचं. आत्ता मी थर्मामीटर लावून बघितलं. कुठं लावतात ते तुम्हाला माहितीय, ते काही दाखवत नाही. १०४.८ फॅरनहाइट. आपल्याला एवढा ताप असता तर घरात रडारड झाली असती. कुत्र्याचं बसल्या जागचं तापमानच १०१ ते १०२.५ असतं आणि जोरात पळून आल्यावर ते १०५ च्या आसपास जाऊ शकतं. आकडा बघून घाबरायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत तो उतरायला लागतो का, ते बघायचं.

आता ही घमेली. त्यात साधं पाणी आहे, माठातलं. ती पाच-सहा घोट पिते, मी घमेली उचलतो, दोन मिनिटांनी परत ठेवतो. पाणी तोडायचं नाही, फक्त एका दमात पोट तट्ट होईस्तोवर पिऊ द्यायचं नाही. एकजण मला म्हणाला, इलेक्ट्रॉलचं पाकीट फोडून घाल. अहो, घामातून मीठ जातं ते आपलं. हिचं जातं ते जास्त करून पाणीच, मग पाणीच द्या. आणि शुगर-फ्री लिहिलेलं काहीही कुत्र्याच्या तोंडात घालू नका. त्यातल्या काहींत झायलिटॉल असतं, त्यानं कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन खाली येते. जीव जातो.

दुसरं, गोणपाट. आपल्याकडं ओलं गोणपाट कुत्र्याच्या पाठीवर टाकायची पद्धत आहे. टाकल्यावर पाच मिनिटं गार वाटतं, मग ते अंगाच्या उष्णतेनं तापतं आणि खाली वाफ कोंडते. त्यापेक्षा गोणपाट जमिनीवर ओलं करून पसरा, कुत्रं त्याच्यावर झोपवा आणि पोटाला, मांड्यांच्या आत पाणी मारा. वारा लागला पाहिजे. बघा, राणी स्वतःच लिंबाच्या सावलीत पोट टेकून पसरली. तिला मी शिकवलेलं नाही.

उन्हाळ्यात, आमच्या माणदेशात मे महिन्यात ४० च्या वर पारा असतो तेव्हा, कुत्रं झोकांड्या खायला लागलं, हिरड्या विटकरी लाल झाल्या, ओकलं किंवा रक्ताची हगवण लागली तर तो उष्माघात. तेव्हा गाडी शोधत बसायचं नाही. आधी पाणी ओतायचं, भरपूर, नळाचं, विहिरीचं, मिळेल ते. थोडं उतरलं की मग डॉक्टर, आणि गाडीत खिडक्या उघड्या.

आता ताटाकडं येऊ. ते झाकून का ठेवलंय?

माझ्याकडं राणीच्या आधी चित्त्या होता. उंच, छाती अशी खोल, कंबर मुठीत मावेल एवढी. चुलत्याच्या वाड्यावर राखणीला असायचा. वाडा म्हणजे घर नव्हे बरं का शहरातल्या मंडळी, वाडा म्हणजे मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारं आमचं बिऱ्हाड. दिवाळी झाली की घोडी लादून घाट उतरून कोकणात, पावसाच्या आधी परत. दिवसभर कळपाबरोबर चालायचं, रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं आत घ्यायची आणि वाघरीबाहेर रात्रभर कुत्र्यानं जागायचं. एका रात्री लांडगं आलं. चित्त्या अर्धा तास पळाला, हाकलून आला. चुलतीनं कौतुकानं रात्रीचं उरलेलं सगळं त्याच्यापुढं ओतलं, वर तांब्याभर ताक. त्यानं दोन मिनिटांत फस्त केलं.

तासाभरानं तो उठबस करायला लागला. ओकारीचा आवाज काढायचा, पण पडायचं काहीच नाही, नुसती फेसाळ लाळ. आम्ही म्हणालो, जास्त खाल्लंय, पचेल. पहाटे पोट हाताला ढोलासारखं लागत होतं. डॉक्टर येईस्तोवर गेला.

त्याला पोटाचा पीळ म्हणतात. पोट गॅसनं फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं, पिशवीचं तोंड पिळल्यासारखं. मग आतलं वरून येत नाही, खालून जात नाही, रक्त तुटतं. ऑपरेशन हाच उपाय, तोही काही तासांच्या आत. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना हा धोका जास्त, म्हणजे आपली कारवानी, मुधोळ, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन. एकच एक कारण कुणी सांगू शकत नाही. पण दिवसातून एकदाच ढीगभर खाणं आणि गपागप गिळणं, या दोन गोष्टींनी धोका वाढतो. त्या रात्री दोन्ही आम्हीच केल्या. म्हणून ही खूण लक्षात ठेवा, बाकी सगळा व्हिडिओ विसरलात तरी चालेल: ओकारी येतेय पण काही पडत नाही, पोट ताणलंय, कुत्रं एका जागी बसत नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा.

तेव्हापासून नियम असा: काम संपल्यावर धाप पूर्ण थांबू द्यायची, आणि त्यानंतरही तासभर ताट झाकलेलं. कामाच्या आधीही पोटभर नाही, कारण कुत्र्याचं भरलेलं पोट रिकामं व्हायला कितीतरी तास लागतात. रोजचं खाणं दोन वेळा विभागून, मोठा वाटा संध्याकाळी.

किती द्यायचं? २४ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला साधारण ७६० कॅलरी लागतात. घरात बसणाऱ्याला बाराशेच्या आसपास, दिवसभर कळपाबरोबर चालणारीला पंधराशे ते तेवीसशे. आपली ज्वारीची मध्यम भाकरी ८० ग्रॅम पिठाची धरली तर पावणेतीनशे कॅलरी. म्हणजे भाकऱ्यांनी कॅलरीचा हिशेब बसतो. आणि भाकरी कुत्र्याला पचते, हजारो वर्षं आपल्या चुलीपाशी राहून पिठूळ पचवायची सवय त्याला लांडग्यापेक्षा जास्त झालीय. पण एका भाकरीत प्रोटीन आठेक ग्रॅम, आणि तेही अपुरं. झिजलेला स्नायू त्यावर भरत नाही. म्हणून राणीच्या ताटात भाकऱ्या तीन, बाकी उकडलेली अंडी आणि चरबीसकट उकडलेलं मटण. चरबी मुद्दाम. लांब पल्ल्याला कुत्रं चालतं ते चरबीवर. अलास्कात बर्फावर गाड्या ओढणारी कुत्री शर्यतीच्या दिवसांत रोज दहा हजार कॅलरीपर्यंत खातात, त्यात मोठा वाटा चरबीचाच. तुम्ही त्यांची नक्कल करू नका, एकदम चरबी वाढवली तर पातळ जुलाब होतात. आठ-दहा दिवसांत हळूहळू.

मटण उकडलेलं म्हटलंय, रस्सा नाही! आपल्या रश्श्यात कांदा-लसूण, दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे सुळे होतात.

लोक मला म्हणतात, कुत्रीला उपाशी ठेवतोस, बरगड्या दिसतात. कारवानीच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत. मुधोळ कुत्र्याचा फोटो टपाल खात्यानं २००५ साली तिकिटावर छापला, त्याचीही कंबर बघा.

ताट थांबलंय तोवर पंजे. हा पाय धर जरा. बोटांच्या मधली ही जागा... हे बघा, कुसळ. गवताचं बी, एका टोकाला अणकुचीदार. आज काढलं नाही तर ते आतच सरकत जातं आणि महिन्यानं घोट्यापाशी गळू येतं. सराटा निदान टोचल्यावर कुत्रं लंगडतं तरी, कुसळ गुपचूप शिरतं. कानातही जातं. कान हलवत राहिली तर आत बघा. तिथंच गोचीडही सापडेल, मुळासकट चिमट्यानं सरळ ओढायची, रॉकेल नाही, काडी नाही.

अंग आखडलं असेल तर आपली अंगदुखीची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, काहीच नाही. आणि जोरात पळाल्यावर लघवी काळ्या चहासारखी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. स्नायू फुटून रक्तात उतरलेत, आता किडनीवर येणार.

किती वाजले रे? साडेआठ. परत लावून बघू... १०२.६. जीभ बघा, अरुंद झाली, आत गेली. तोंड मिटलं. आता इथून तासभर.

(कट)

साडेनऊ. ताट खाली. हा मध्ये ठेवलेला गुळगुळीत धोंडा राणीच्या नेहमीच्या ताटातला आहे, त्याच्या कडेकडेनं खावं लागतं, गिळता येत नाही. चित्त्याच्या ताटात नव्हता. खा गं, खा.