परसातले तरणे कोंबडे

सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीत घराच्या मागीलदारी गेलात, तर असा कळप दिसेल. गावठी कोंबड्या, काळ्याभोर कडकनाथ, आणि त्यांत अंगाने थोराड अशी गिरिराज जातीची एखादी. खुराडं सगळ्यांचं एकच.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या, कोंबडीखाली अंडी बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. त्यांतली निम्मी नर असणार, हे धरूनच चालायचं. दीड महिन्याच्या सुमाराला नरांचा तुरा लाल व्हायला लागतो. तिसऱ्या महिन्यात मानेवर आणि शेपटीच्या अलीकडे टोकदार, चकचकीत पिसं येतात, घोगऱ्या आवाजात आरवणं सुरू होतं. पोरांना त्याचं भारी कौतुक! पण कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं, हे ठरवायची वेळ हीच.

आता या कोंबडीची पाठ बघा. पंखांच्या मुळाशी पिसं झडून कातडी लाल पडली आहे, डोक्यामागेही टक्कल. हा रोग नव्हे. कोंबडा वर चढताना चोचीने मान धरतो आणि नखांनी पाठ. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असल्या तर हे निभावतं. पाच कोंबड्यांत चार तरणे कोंबडे असले की त्या दिवसभर पळत राहतात, दाण्यापाण्याला येत नाहीत, खुराड्यात दडून बसतात. अंडी आपोआप कमी होतात. त्यात गिरिराजचा नर तीन किलोच्या घरात जातो आणि गावठी कोंबडी जेमतेम सव्वा-दीड किलोची. एवढा भार तिच्या पाठीवर देऊच नये.

मग ठेवायचा कोणता? मोठ्या तुऱ्याचा, सगळ्यांना मारणारा कोंबडा अनेकांना आवडतो. आम्हाला ते पटत नाही. मूठभर तांदूळ टाकून पाहा. हा तांबडा कोंबडा दाणा उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि कुटकुट करत कोंबड्यांना बोलावतो. त्या टिपू लागल्या की स्वतः जरा मागे सरतो. वर घार फिरू लागली तरी पहिली हाक याचीच. असा ठेवावा. माणसांच्या पायांवर धावून येणारा वंशाला नकोच, तो स्वभाव पिल्लांत उतरू शकतो.

बाकीच्यांना वेगळं खुराडं द्या, कोंबड्यांच्या नजरेआड. समोर माद्या नसल्या की हेच नर बऱ्यापैकी एकत्र नांदतात. हलवायचं ते रात्री, काळोखात. दांडीवर बसलेला पक्षी तेव्हा फारशी झटापट करत नाही. पाय धरून उलटा लटकवू नका. पंख अंगाशी दाबून कुशीत घ्या. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य मात्र यांना घालू नका. कवचासाठी त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, ते वाढत्या पक्ष्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही.

गावठी कोंबडा विकण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागतात. आषाढात मागणी जोरात असते, श्रावण लागला की गिऱ्हाईक आटतं. म्हणून पिल्लं पौष-माघात निघतील अशा बेताने अंडी बसवावीत.

वंशाचा कोंबडाही दरवर्षी बदलावा, शक्यतो लांबच्या वाडीतून आणून, म्हणजे नात्यातल्या नात्यात पैदास होत नाही. जुना काढल्यावर त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. तेवढ्या दिवसांची अंडी खुशाल खा, पिल्लांसाठी बसवायची ती त्यानंतरची.