धुके, पेंढा आणि तळटीप

इसवी सन 208. यांगत्से नदीवर दाट धुके उतरले आहे. वीस होड्यांच्या दोन्ही अंगांना पेंढ्याचे भारे बांधून रणनीतिकार चुगे ल्यांग शत्रूच्या तळासमोर नगारे वाजवायला सांगतो. शत्रुसेनेचा प्रमुख त्साओ त्साओ याचे तिरंदाज धुक्यात अंदाजानेच बाण सोडत राहतात आणि उजाडता उजाडता पेंढ्यात रुतलेले लाखभर बाण घेऊन होड्या परततात.

‘तीन राज्यांची कथा’ या लुओ ग्वानचोंगच्या कादंबरीतला, 46व्या अध्यायातला हा प्रसंग चीनमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. इतिहासात मात्र तो सापडत नाही. सापडते ते एवढेच, की 213 साली दक्षिणेचा सत्ताधीश सुन छ्वान मोठ्या नौकेतून त्साओ त्साओची छावणी पाहायला गेला, बाणांच्या भाराने नौका एका अंगाला कलली, तेव्हा त्याने ती वळवून दुसरे अंग पुढे केले आणि तोल सावरल्यावर तो माघारी फिरला. या काळाचा इतिहास लिहिणाऱ्या छन शोऊच्या ग्रंथाला फेई सोंगचीने 429 साली जे भाष्य जोडले, त्यात हा वृत्तांत टिकून राहिला. पुढे चौदाव्या शतकातल्या एका लोककथनात बाण मिळवण्याचे श्रेय सुन छ्वानचा सेनापती चोऊ यू याच्याकडे गेले आणि कादंबरीने ते काढून चुगे ल्यांगला दिले.

हा प्रवास नुसत्या भाषांतरातून कळण्याची सोय नाही. ब्रूइट-टेलर यांनी 1925 साली संपूर्ण कादंबरी इंग्रजीत आणली, आणि ते काम थोरच होते. पण सोबत नकाशे नव्हते, पात्रांची यादी नव्हती. चुगे ल्यांग आणि खोंगमिंग हा एकच माणूस, हे ध्यानात ठेवतानाच परका वाचक दमतो. 1991 साली मॉस रॉबर्ट्स यांचे सटीप भाषांतर आले आणि त्या वाचकाला प्रथमच कादंबरीसोबत तिच्यामागचा इतिहासही हाताशी मिळाला. टिपांनी गोष्टीची गोडी जाते, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही, कारण होडी वळवण्याच्या साध्या हालचालीतून लेखकाने काय उभे केले, हे दिसल्यावरच त्याच्या प्रतिभेचे खरे माप कळते.

शिवाय इथे एका माणसाला न्याय देण्याचाही प्रश्न आहे. कादंबरीतला चोऊ यू मत्सराने जळणारा आहे. चुगे ल्यांगला जन्माला का घातलेस, असे आकाशाला विचारत तो प्राण सोडतो. छन शोऊने मात्र त्याला मोठ्या मनाचा माणूस म्हटले आहे, आणि 210 साली तो आजारपणाने वारला.