फार्गोवरचा दिवा: गॉर्मन प्रकरणाचा तपास

[दृश्य: रात्रीचं शहर, खाली फुटबॉलच्या मैदानाचा झगमगाट]

1 ऑक्टोबर 1948. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातलं फार्गो. नॅशनल गार्डचा लेफ्टनंट जॉर्ज गॉर्मन पी-51 मस्टँग हे लढाऊ विमान घेऊन शहरावर घिरट्या घालतोय. सोबतची विमानं उतरली; रात्रीच्या उड्डाणाचे तास भरायचे म्हणून हा वरच थांबला. नऊच्या सुमारास त्याला खाली पायपर कब हे छोटं विमान दिसतं आणि पश्चिमेला एक लुकलुकता पांढरा दिवा. टॉवर सांगतो, कबखेरीज आकाशात दुसरं कोणी नाही.

गॉर्मन दिव्याच्या मागे लागतो. त्याच्या जबानीनुसार दिवा लुकलुकायचा थांबला, वळला, थेट अंगावर आला आणि डोक्यावरून निघून गेला. गॉर्मनने वळणं इतकी आवळून घेतली की मध्येच त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. 14,000 फुटांवर मस्टँग स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल सुटली. यात उंचीचा दोष नाही. हे विमान त्याच्या दुपटीहून वर जातं. नाक फार उभं धरलं की वेग संपतो, एवढंच. 9 वाजून 27 मिनिटांनी त्याने पाठलाग सोडला.

तपासाला आले ते राइट-पॅटरसन तळावरच्या 'प्रोजेक्ट साइन'चे, म्हणजे आकाशातल्या अनोळखी वस्तूंचा तपास करणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या प्रकल्पाचे, अधिकारी. त्यांनी गॉर्मन, टॉवरमधली माणसं आणि कबमधले दोघे, सगळ्यांच्या जबान्या घेतल्या. दिवा बहुतेकांनी पाहिला होता. गॉर्मनने सांगितलेली झटापट मात्र दुसऱ्या कोणीच पाहिली नव्हती. खरं तर तपासाची किल्ली इथेच होती.

पण लक्ष गेलं किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरकडे. मस्टँगवर किरणोत्सर्ग जास्त भरला. 1948 साली अशी बातमी आली की डोकं आधी अणुशक्तीकडेच धावायचं. चूक तुलनेत होती: शेजारची विमानं बरेच दिवस जमिनीवरच उभी होती. उंचावर हवा विरळ, वैश्विक किरणांचा मारा जास्त. नुकतंच उडून आलेलं विमान थोडं जास्त दाखवणारच. तुलना करायची तर त्याच संध्याकाळी उडालेल्या विमानाशी करायला हवी होती.

[दृश्य: रबरी फुगा, खाली टांगलेला छोटा दिवा, थिओडोलाइट]

उत्तर निघालं हवामान खात्याच्या नोंदीतून. फार्गोहून 8 वाजून 50 मिनिटांनी दिवा लावलेला फुगा सोडला होता. वरच्या थरांतला वारा मोजायची ही जुनी रीत: दिव्यावर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, रोखायचा आणि मिनिटामिनिटाला कोन टिपायचा. नऊ वाजता हा फुगा नेमका त्याच भागात असायला हवा होता.

मग हा फुगा आकाशात नाचला कसा? ताशी 400 मैलांवर 4 जी-चं, म्हणजे अंगावर वजनाच्या चौपट भार आणणारं, वळण घेतलं तर वर्तुळाची त्रिज्या साडेआठशे मीटरच्या आसपास येते आणि फेरी अर्ध्या मिनिटात पुरी होते. वर्तुळाच्या बाहेर जवळच असलेला फुगा तेवढ्या वेळात कॅनोपीभोवती (वैमानिकावरच्या काचेच्या झाकणाभोवती) पूर्ण फिरताना दिसतो. अंधारात एकट्या दिव्याचं अंतर डोळ्यांना कळत नाही, फक्त कोन कळतो. अंतर जास्त धरलं की त्याच कोनातून अफाट वेग निघतो. नाक फुग्यावर रोखलं तर दोघांतलं अंतर सेकंदाला 180 मीटरने कमी होतं, आणि चाल करून कोण येतंय हे सांगायला मागे क्षितिज नसतं.

शेवटच्या मिनिटांचं काय? तपासनिसांच्या मते फुगा नजरेआड झाल्यावर गॉर्मनने गुरू ग्रह धरला. त्या रात्री गुरू नैऋत्येला मावळतीला टेकला होता, आणि पाठलागही फार्गोच्या नैऋत्येलाच संपला.

फुग्याची वेळ चोख जुळते. गुरूचा भाग पटण्यासारखा आहे, पण सिद्ध नाही. मधली झटापट केवळ गॉर्मनच्या शब्दावर उभी आहे आणि त्याने तर त्या हालचालींमागे विचार होता, असं लिहून दिलं होतं. फाइलवर निकाल बसला तो दिवा लावलेल्या फुग्याचा.