तारण काय?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'इतिहास अभ्यासक' असं छापलंय, ते आधी खोडून टाका. मी ३५ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी परकीय चलनाच्या टेबलावर. इतिहास मी खातेवहीसारखा वाचतो. ब्रिटिश साम्राज्याबद्दल जे बोलणार आहे ते त्याच नजरेनं.

सुरुवात एका कर्जप्रकरणापासून करतो. नोव्हेंबर १८७५. इजिप्तचा खदीव, म्हणजे तिथला राज्यकर्ता, इस्माइल कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. सुएझ कालवा कंपनीचे आपल्याकडचे १,७६,६०२ शेअर त्यानं विकायला काढलेत, अशी कुणकुण लंडनला लागली. एकूण शेअर चार लाख, म्हणजे हा हिस्सा झाला ४४ टक्के. किंमत जवळपास ४० लाख पौंड. पार्लमेंटचं अधिवेशन चालू नव्हतं, त्यामुळे पैसे मंजूर करून घ्यायची सोय नाही, आणि फ्रेंच गिऱ्हाईक दारात उभं. पंतप्रधान डिझरायलींनी आपला चिटणीस माँटेग्यू कॉरी याला रॉथशिल्डांच्या पेढीवर धाडलं. कॉरी पुढे सांगायचा ते असं, की रॉथशिल्ड तेव्हा द्राक्षं खात होते. कधी पाहिजेत पैसे? उद्या. रॉथशिल्डांनी द्राक्षाची साल तोंडातून काढली आणि विचारलं, "तारण काय?" कॉरी म्हणाला, "ब्रिटिश सरकार." "मग मिळतील."

कॉरीला गोष्टीला फोडणी द्यायची सवय होती म्हणतात, तेव्हा द्राक्षं वजा करा. कर्ज मात्र खरं आहे. आमच्या शाखेत विहिरीवरच्या मोटारीसाठी कर्ज हवं असलं तर सातबारा, आठ-अ, दोन जामीनदार आणि सोसायटीचा दाखला एवढं लागायचं. इथे ४० लाख पौंड निव्वळ नावावर! बाजारात उधार मिळते ती पत, आणि चारचौघांत मान राहतो तीही पत. इंग्रजांचं साम्राज्य या दोन्ही अर्थांच्या पतीवर उभं होतं. म्हणून त्याचा चढ-उतार मी युद्धांपेक्षा कर्जांमध्ये शोधतो.

आता ही पत आली कुठून? एक, आरमार. १८८९ मध्ये तर त्यांनी कायद्याच्या आधारे धोरणच ठरवून टाकलं, की आपलं आरमार जगातल्या पुढच्या दोन आरमारांच्या बेरजेला पुरून उरलं पाहिजे. दोन, लंडनचा पैसेबाजार, जिथे जगभरच्या मालाच्या हुंड्या वटायच्या. या दोन्ही गोष्टी शाळेच्या पुस्तकातही असतात. तिसरी गोष्ट होती हिंदुस्थानी फौज. तिथे जरा थांबतो, कारण तिचा हिशेब आपल्या घरातून जातो.

१८६४ साली अबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या सम्राटानं ब्रिटिश दूताला आणि इतर काही युरोपीय लोकांना कैदेत टाकलं. त्यांना सोडवायला १८६७ मध्ये जी मोहीम निघाली ती लंडनहून नाही, मुंबईहून निघाली. सेनापती होते मुंबई फौजेचे प्रमुख रॉबर्ट नेपियर. आपल्या बंदरातून सैनिक गेले, खेचरं गेली, हत्तीसुद्धा जहाजावर चढवले. वरचा जादा खर्च लंडननं सोसला, पण फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून. का? तर हे शिपाई इथे बसून राहिले असते तरी पगार द्यावाच लागला असता! बँकेत असा युक्तिवाद कोणी केला असता तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. पण साम्राज्याचं गणित असंच चालत होतं. जगातली एक मोठी पगारी फौज, आणि तिचा पगार दुसऱ्याच्या खात्यातून. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये उतरली ती सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या डिसेंबरात कुत-अल-अमाराला तुर्कांनी तिला वेढलं. घोड्यांचं मांस खाऊन दिवस काढले, आणि एप्रिल १९१६ मध्ये शरणागती. साताऱ्याकडे आपशिंग्याला गेलात तर त्या महायुद्धाचं स्मारक जरूर बघा. साम्राज्याच्या ताळेबंदात ती माणसं कुठल्या रकान्यात लिहिली, हे मला अजून सापडलेलं नाही.

कालव्याकडे परत येऊ. गंमत अशी, की हा कालवा इंग्रजांना नकोच होता. पंतप्रधान पामर्स्टन यांनी त्याला हयातभर विरोध केला, कारण खणणारे फ्रेंच. १७ नोव्हेंबर १८६९ ला तो खुला झाला, लंडन ते मुंबई हे अंतर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं, आणि बघता बघता त्यातून जाणाऱ्या जहाजांमध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त टनभार ब्रिटिश निघाला. १८८२ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी फौज पाठवून इजिप्तच ताब्यात घेतला. शेअर खरेदीवर पार्लमेंटात कडाडून टीका करणारे ते हेच ग्लॅडस्टन, आणि त्यांच्या स्वतःच्या गुंतवणुकीचा मोठा हिस्सा इजिप्तच्या कर्जरोख्यांत होता. फौज तात्पुरती आहे असं जाहीर झालं. कालव्याकाठच्या तळावरचे शेवटचे सैनिक निघाले ते जून १९५६ मध्ये. ७४ वर्षं तात्पुरती!

दरम्यान दोन महायुद्धं झाली. लढाया मी सांगत बसत नाही, जमाखर्च सांगतो. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनवर एकट्या हिंदुस्थानचंच सुमारे १३० कोटी पौंडांचं देणं होतं. युद्धासाठी इथून माल आणि माणसं नेली, त्याचे रोख पैसे न देता लंडनमध्ये आपल्या नावावर नुसती नोंद केली. त्यालाच स्टर्लिंग शिल्लक म्हणायचे. ज्या देशाच्या जिवावर दीडशे वर्षं पत उभी केली, तोच आता धनको होऊन बसला. आणि या शिल्लकेची किंमत आपण कशी चुकवली होती? नोटा छापून. महागाई भडकली, आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं मेली त्याच्या कारणांत हेही एक होतं. चर्चिल यांना या देण्याचा भयंकर राग होता. आम्ही तुमचं रक्षण केलं, वर आम्हीच पैसे द्यायचे का, असा त्यांचा सूर असायचा. कर्जदार असं बोलायला लागला की आम्ही बँकवाले फाईलवर लाल रेघ ओढतो.

मग अर्थशास्त्रज्ञ केन्स वॉशिंग्टनला गेले. बिनव्याजी मदत मिळेल या आशेनं गेले आणि २ टक्के व्याजाचं ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेऊन आले. अट अशी, की पौंड मागेल त्याला डॉलरमध्ये बदलून द्यायचा. १५ जुलै १९४७ ला तो बदल सुरू झाला आणि २० ऑगस्टला गुंडाळावा लागला. पाच आठवडे! त्याच पाच आठवड्यांत मधे १५ ऑगस्ट येतो, हे आपल्याला सहसा आठवत नाही. त्याआधी फेब्रुवारीत, २० तारखेला पंतप्रधान अ‍ॅटलींनी हिंदुस्थान सोडण्याची मुदत जाहीर केली, आणि दुसऱ्या दिवशी ग्रीस व तुर्कस्तानचा खर्च आता झेपत नाही, असं पत्र अमेरिकेच्या हाती दिलं. दुकान आवरताना पाट्या अशाच एकामागून एक उतरतात.

पण मालकाला अजून वाटत होतं, दुकान चालू आहे. म्हणून १९५६ झालं.

२६ जुलैच्या संध्याकाळी अलेक्झांड्रियात इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांचं भाषण चालू होतं. भाषणात ते फर्डिनांड द लेसेप्सचं, म्हणजे कालवा खणणाऱ्या फ्रेंच माणसाचं नाव पुन्हापुन्हा घेत होते. तीच खूण होती. नाव रेडिओवर ऐकताच त्यांच्या माणसांनी कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. लंडनमध्ये पंतप्रधान अँथनी ईडन खवळले. या माणसाचा अंगठा आपल्या नरड्यावर राहू देणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आता हे बघा, की कंपनीचा करार ९९ वर्षांचा, म्हणजे नोव्हेंबर १९६८ ला कालवा तसाही इजिप्तकडेच जायचा होता. बारा वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी युद्ध! इजिप्तच्या लोकांना कालवा चालवता येणार नाही, हीही खात्री होती. सप्टेंबरात परदेशी पायलट एकदम काम सोडून गेले, आणि जहाजं बिनबोभाट जात राहिली.

मग पॅरिसजवळ सेव्ह्र इथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुपचूप बेत केला. इस्रायलनं हल्ला करायचा, आणि मग या दोघांनी भांडण सोडवणाऱ्याचं सोंग घेऊन मधे पडायचं. करार कागदावर आला हे कळल्यावर ईडन यांनी त्याच्या प्रती नष्ट करायला माणसं पिटाळली. इस्रायलची प्रत राहिली, म्हणून आज आपल्याला ती वाचता येते. २९ ऑक्टोबरला हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी निर्वाणीचा खलिता गेला, की दोघांनीही कालव्यापासून दहा मैल मागे हटा. इस्रायली फौज अजून तिथे पोचलीही नव्हती. ५ नोव्हेंबरला छत्रीधारी सैनिक पोर्ट सैदला उतरले. तारखांना अर्थ नसतो, तरी सांगतो. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली होती.

अमेरिकेत ६ तारखेला मतदान. रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरलेले. अशा वेळी मित्रांनी न विचारता केलेला हा उद्योग पाहून अध्यक्ष आयझेनहॉवर संतापले. त्यांनी सैन्य पाठवलं नाही. पाठवायची गरजच नव्हती. पौंडाचा दर २.८० डॉलरला बांधलेला. आपल्यासकट कितीतरी देशांची गंगाजळी पौंडात ठेवलेली. लोक पौंड विकायला लागले, दर सांभाळायला लंडनला डॉलर हवे होते, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारावर अमेरिका उभी. अर्थमंत्री हॅरल्ड मॅकमिलन मोहिमेसाठी सगळ्यांत उतावीळ होते. ६ नोव्हेंबरच्या सकाळी तेच मंत्रिमंडळाला सांगत होते, की थांबावं लागेल, आठवड्यात दहा कोटी पौंड गेले. पुढे कागदपत्रं खुली झाली तेव्हा दिसलं, की त्या आठवड्याचा खरा आकडा त्याच्या जवळपास एक तृतीयांश होता. घाबरून फुगवला की मुद्दाम, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण त्या सबंध नोव्हेंबरात २७ कोटी ९० लाख डॉलर गेले, त्यात शंका नाही. मध्यरात्री युद्धबंदी झाली. फौजा तोवर कालव्याच्या जेमतेम पाव लांबीपर्यंत पोचल्या होत्या.

अमेरिकेचं म्हणणं सरळ होतं, की आधी सैन्य काढा, मग पैसे. डिसेंबरात माघार जाहीर झाल्यावर नाणेनिधीनं सुमारे १३० कोटी डॉलरची सोय मंजूर केली. रॉथशिल्डांच्या पेढीवरच्या त्या संवादाला ८१ वर्षं झाली होती, कालवा तोच होता, आणि 'ब्रिटिश सरकार' एवढं तारण आता पुरत नव्हतं. इंग्लंडात पेट्रोल कुपनांवर मिळू लागलं. जानेवारीत ईडन पायउतार झाले, आणि त्यांच्या खुर्चीवर बसले कोण? मॅकमिलन!

पुढचं भराभर सांगतो. १९६७ च्या नोव्हेंबरात पौंड २.४० वर आला, आणि दोन महिन्यांत विल्सन सरकारनं सुएझच्या पूर्वेकडचे तळ आवरायचं जाहीर केलं. केन्स यांनी आणलेल्या कर्जाचा अमेरिकेला शेवटचा हप्ता गेला तो थेट २००६ च्या डिसेंबरअखेर. काही वर्षी हप्ते पुढे ढकलले, पण बुडवले नाहीत. बँकवाला म्हणून याचं मला कौतुक आहे, बाकी कितीही राग असला तरी.

आणि त्या शेअरांचं काय झालं, हे तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच. १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या मध्यस्थीनं तडजोड झाली. नासेर यांनी कंपनीच्या भागधारकांना २ कोटी ८३ लाख इजिप्शियन पौंड हप्त्यांनी द्यायचं कबूल केलं. त्या भागधारकांत ४४ टक्क्यांचं ब्रिटिश सरकारही होतं. १९६३ पर्यंत सगळे हप्ते चुकते झाले.