लोक्रोनान: पायी बघायचं गाव

चौकात उभं राहिलं की चहूबाजूंना ग्रॅनाइट. काळपट राखाडी चिरे, पाटीच्या दगडाची उतरती छपरं, मधोमध विहीर आणि समोर १५व्या शतकातलं सेंट रोनानचं चर्च. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीतल्या फिनिस्तेरमध्ये, जेमतेम आठशे वस्तीचं हे गाव. लोक्रोनान.

एवढ्याशा गावात असे वाडे उभे राहिले ते शिडाच्या कापडावर. हेम्पच्या वाखापासून इथले विणकर जाड, मजबूत कापड विणायचे आणि ते दूरदूरच्या जहाजांवर चढायचं. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचं कार्यालय म्हणून ओळखलं जाणारं घर चौकात आजही दाखवतात. याच कंपनीने १६७४ मध्ये आपल्याकडे पाँडिचेरीत बस्तान बसवलं. पुढे इतर गावांच्या कापडाशी स्पर्धा झेपेना आणि धंदा बसला. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून हा चौक आज असा दिसतो.

चर्चला लागूनच पेनिती चॅपेल आहे. आत संत रोनानची समाधी. गडद दगडात कोरलेला पहुडलेला संत, आणि ती शिळा तोलून धरणारे सहा देवदूत. शिळेखाली मोकळी जागा आहे, नीट बघा. भाविक कमरेत वाकून याच जागेतून पलीकडे निघायचे.

बहुतेक पर्यटक इथूनच परततात. लोणी-साखरेने ओथंबलेला क्विन्यामान खातात, फोटो काढतात, निघतात. मनापासून सांगते, एवढ्यावर परतू नका. या गावाचा सगळ्यात मोठा वारसा गावाबाहेरच्या वाटेवर आहे.

तिचं नाव त्रोमेनी. संत रोनानच्या नावाने काढलेली प्रदक्षिणा. दर सहा वर्षांनी, जुलैमध्ये, निशाणं आणि संतांच्या मूर्ती घेऊन लोक १२ किलोमीटर चालतात. वाटेत १२ थांबे. डहाळ्यांनी सजवलेल्या छोट्या खोपट्यांमध्ये आसपासच्या संतांच्या मूर्ती मांडलेल्या असतात. मधल्या वर्षांत छोटी फेरी निघते, साधारण सहा किलोमीटरची.

वाटेवर सगळ्यात वरचा थांबा म्हणजे प्लास आर होर्न. कथा अशी, की रोनानचा देह बैलगाडीतून नेत होते. धुणं धूत बसलेल्या केबेन नावाच्या बाईचा त्याच्यावर जुना राग. तिने हातातलं धोपटणं बैलावर हाणलं, त्याचं शिंग मोडलं आणि ते या माथ्यावर गळून पडलं. माथा २८० मीटरहून थोडा उंच. पण आसपास सगळं सखल, त्यामुळे दुआर्ननेचा उपसागर थेट नजरेत येतो.

मोठी त्रोमेनी २०२५ मध्ये झाली, आता २०३१ मध्ये. माथ्यावर जायला मात्र तोवर थांबायचं कारण नाही. गाडी गावाबाहेरच्या तळावर लावा, पावसाचं जॅकेट सोबत ठेवा. आणि उतरल्यावर दम असेल तर र्यू मोआलने आणखी खाली जा. विणकरांची ही गल्ली बोन-नुव्हेल चॅपेलपाशी संपते. तिथला झरा आणि धुण्याचा हौद दोन्ही अजून शाबूत आहेत.