कोळ्याच्या डोळ्यातला उजेड

श्रोतेहो, नमस्कार.

नवरात्राच्या तोंडावर घरोघरी दसरा काढायला सुरुवात होते आणि बांबूला बांधलेला झाडू आढ्यापर्यंत पोचतो. तो पोचण्याआधीचा पंधरवडा कोळ्यांचे फोटो काढायला मराठवाड्यात फार चांगला. पावसाळाभर किडे खाऊन कोळी पुरते वाढलेले असतात.

सुरुवात भिंतीवरच्या उड्या मारणाऱ्या कोळ्यापासून करा. तो शिकारीसाठी जाळं विणत नाही, नजरेच्या जोरावर शिकार करतो. त्यामुळे हळू गेलात तर पळण्याऐवजी वळून तुमच्याकडेच बघतो. अंग जेमतेम सेंटिमीटरभर, पण आठांपैकी समोरचे दोन डोळे मोठे, काचेच्या मण्यांसारखे. फोटो त्या डोळ्यांवर तरतो.

100 मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, लेन्स उत्तमच. नसेल तर 50 मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे 36 मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावा. कोळी सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र उमटतं त्या पट्टीवर, जवळपास मूळ आकाराचा उमटतो. ट्यूब म्हणजे नुसती पोकळ कडी, आत काच नसते. मात्र विजेचे कॉन्टॅक्ट असलेलीच घ्या, नाहीतर बहुतेक लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

इतक्या जवळून अ‍ॅपर्चर एफ 11 ठेवलं तरी स्पष्ट दिसणारा भाग सव्वा-दीड मिलिमीटरचाच असतो. म्हणून एफ 22, म्हणजे छिद्र आणखी बारीक, करण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. ऑटोफोकसही बंद ठेवा, तो मागेपुढे शोधत राहतो. फोकसची रिंग एका जागी ठेवा, कोपर भिंतीला टेकवा, श्वास सोडा आणि अंगच केसभर पुढे-मागे करत दहा-पंधरा फोटो घ्या. एकदोन नेमके डोळ्यांवर येतात. पाय धूसर राहिले तरी चालेल.

आता उजेड. माझ्या मते लेन्सपेक्षा पैसे आणि मेहनत इथे घालावी. उघडा फ्लॅश मारला की त्या गुळगुळीत डोळ्यात पांढरा ठिपका चमकतो आणि अंगावरची लव करपल्यासारखी दिसते. डोळ्यात उमटतं ते दिव्याचं प्रतिबिंब; दिवा कोळ्याच्या मानाने मोठा केला की तेच मऊ, पसरट दिसतं. टीव्हीच्या खोक्यात येतो तसा पांढरा फोमचा कागद, नाहीतर बटर पेपरचे दोन थर, कमान करून लेन्सच्या टोकावर पुढे झुकवा. फ्लॅश आणि कागदात वीतभर अंतर ठेवा, म्हणजे उजेड कागदभर पसरतो. कागद कोळ्याच्या जितका जवळ तितका उजेड मऊ. शटर 1/200 सेकंद, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता 200, फ्लॅश मॅन्युअलवर पूर्ण ताकदीच्या 1/16. एवढ्या कमी ताकदीवर फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ चमकतो, त्यामुळे हात थरथरला तरी फोटो हलत नाही. चुन्याच्या भिंतीवर फोटो जळाल्यासारखा आला तर 1/32 करा.

मोबाइलवाल्यांनी याच कागदातून बाजूने टॉर्च धरावा. इतक्या जवळ फोनची स्वतःचीच सावली पडते.

बागेत, बोरीच्या कुंपणात किंवा कडीपत्त्याशेजारी गोल जाळ्याच्या मधोमध पाय फुलीसारखे जोडून उलटी लटकलेली दुसऱ्या जातीच्या कोळ्याची मादी दिसेल. जाळ्यात जाड पांढऱ्या नागमोडी पट्ट्या असतात. तिची नजर अधू, पण धाग्याची थरथर लगेच कळते. जाळं ज्या फांदीला बांधलंय तिला हात लागला की ती जाळं गदागदा हलवते, नाहीतर धागा सोडून खाली उतरते. कॅमेरा जाळ्याला समांतर धरा, म्हणजे आठही पाय एका पातळीत येऊन स्पष्ट मिळतात. मागे काळोख येतो, कारण फ्लॅशचा उजेड तिथवर पोचत नाही. अर्धा फूट मागे एखादं हिरवं पान धरा. जाळ्याच्या कडेला तीन-चार मिलिमीटरचा नर असतो, तोही शोधा. जाळं उठून दिसावं म्हणून पाणी किंवा पीठ मारू नका. चिकट धागे निकामी होतात आणि ती उपाशी राहते. कोवळं ऊन जाळ्यामागून येईल अशा जागी उभे राहिलात तरी धागे उजळतात.

रात्री अंगणात टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरून जमिनीवर फिरवा. गवतात हिरवट ठिणग्या चमकल्या तर ते लांडगा कोळ्याचे डोळे. पायात बूट हवेत, दगडांखाली विंचू असतात. एकाच जागी खूप बारीक ठिणग्या दिसल्या तर जपून, गुडघ्यावर बसून जवळ जा. पाठीवर पिल्लांचा ढीग घेतलेली ती आई असते. एकदोन फोटो घ्या आणि टॉर्च बाजूला वळवा.